आरसी तुझ्या नावावर, पॉलिसी अजून काकांच्याच

नाशिकच्या 22 वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत ओळखीच्या काकांकडून सेकंडहॅन्ड स्विफ्ट घेतली, 3 मार्चला आरसी नावावर झाली, काकांची फुल इन्शुरन्स पॉलिसी नोव्हेंबरपर्यंत होती म्हणून तीच चालू ठेवली. जुलैत पावसात त्र्यंबक रोडला गाडी घसरली, एका बाइकवाल्याला धडकून डिव्हायडरवर गेली. त्याचं मनगट फ्रॅक्चर झालं, गाडीचं एस्टिमेट 68 हजार आलंय. गाडी नावावर झाल्याचं एजंटला सांगितलं होतं, असं तो म्हणतो. काका क्लेम फॉर्मवर सही करायला तयार आहेत. तर क्लेम टाकू का, आणि पुढे थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर) घेऊ की फुल (स्वतःच्या गाडीचंही), झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर) घेऊ का.

कव्हर कुठलं ते नंतर बघू. आधी ती 3 मार्च तारीख बघ, कारण तुझ्या 68 हजारांचा निकाल तिथेच लागलाय. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 157 म्हणतं की गाडी विकली की विम्याचं सर्टिफिकेट आणि पॉलिसी नव्या मालकाच्या नावे गेली असं धरायचं, आणि नव्या मालकाने 14 दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करायचा. लोक पहिलं अर्धं वाक्य ऐकतात आणि निर्धास्त होतात. पण हे 'गेली असं धरायचं' फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला ते लागू नाही, हे सुप्रीम कोर्टाने 'कम्प्लीट इन्सुलेशन्स'च्या निकालात 1990 च्या दशकातच सांगून ठेवलंय. ओन डॅमेज, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर, हा कंपनी आणि काकांमधला करार. तुझ्याशी कंपनीने करार केलेला नाही, आणि गाडी काकांची राहिली नाही म्हणून नुकसान त्यांचंही झालेलं नाही, म्हणजे पैसे मागायला दोघांपैकी कोणालाच जागा नाही. अपघात त्या 14 दिवसांत झाला असता तर निदान भांडता आलं असतं, चार महिन्यांनी काय भांडणार! आरटीओच्या चकरा मारल्यास ना, मग त्याच आठवड्यात एक अर्ज कंपनीला द्यायला काय हरकत होती. याचा मला खरंच राग येतो, कारण याच एका कागदापायी पैसे बुडालेली माणसं मी कायम बघते.

एकच आशा आहे. तू लिहिलंयस की एजंटला सांगितलं होतं. नुसतं फोनवर सांगितलं असशील तर त्यात दम नाही, पण मार्चमधला व्हॉट्सॲप असेल, नव्या आरसीचा फोटो पाठवलेला आणि त्यावर त्याचं 'करतो' आलेलं, तर तो चॅट जपून ठेव. त्यावर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येईल, तिथे फी नाही. मिळेलच असं मी म्हणत नाही. ग्राहक आयोगात जायचं असेल तर विचार करून जा, कायद्यात तीन महिने लिहिलेत पण तारखा वर्षानुवर्षं पडतात, आणि 68 हजारांसाठी ते परवडेल का हे तुझं तू ठरव.

काकांच्या सहीने क्लेम टाकू नकोस. नुकसान तपासायला येणारा सर्व्हेयर आरसी मागतोच, मालकी कधी बदलली ते त्याला तिथेच दिसतं, आणि ते खोटं म्हणणं उद्या बाइकवाल्याच्या केसमध्ये तुझ्याच उलटतपासणीत बाहेर येईल.

बाइकवाल्याच्या बाबतीत मात्र तू बऱ्यापैकी सुरक्षित आहेस, तिथे तेच कलम 157 तुझ्या बाजूने आहे. कंपनीला अपघाताची लेखी खबर आजच दे, लायसन्स, आरसी, पॉलिसीच्या प्रती जोडून. त्याला दवाखान्याचं बिल म्हणून मदत करायची तर कर, पण रोख देऊन स्टॅम्प पेपरवर समझोता लिहून बसू नकोस. अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलची नोटीस आली की हजर हो, 'कंपनी बघेल' म्हणून घरी बसलास आणि लायसन्सच रेकॉर्डवर आलं नाही तर कंपनी त्याला पैसे देऊन तुझ्याकडून वसूल करायची परवानगी मागू शकते. बाकी अपघातात चूक कोणाची, याबद्दल एफआयआर न वाचता मी काही बोलणार नाही.

आता कव्हर. नोव्हेंबरची वाट बघू नकोस. गाडी दुरुस्त झाली की इन्स्पेक्शन करून पॉलिसी नावावर कर किंवा नवीन घे. काकांचा 50 टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारा बोनस) तुला मिळत नाही, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो फरक भरावा लागेल. तुझं वय कमी म्हणून थर्ड पार्टी महाग पडत नाही, तो दर सरकार ठरवतं, 2022 च्या नोटिफिकेशनप्रमाणे तुझ्या इंजिनला वर्षाला 3,416 रुपये अधिक जीएसटी. नुसती थर्ड पार्टी घेऊ नकोस, पहिली दोन-तीन वर्षं नवीन हाताने गाडी घासते, ठोकते. झिरो डेप तुझ्या गाडीच्या वयाला मिळत असेल तर घे, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कापतात, आठ हजारांच्या बंपरचे चारच हजार हातात. शंभर रुपये वाचवायला दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून 6,000 वर आणायचा पर्याय असतो, तो अजिबात घेऊ नकोस.

आणि ओनर-ड्रायव्हरचा 15 लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाच्या जिवाचा विमा. तो आरसीवर आणि पॉलिसीवर एकच नाव असेल तरच मिळतो. म्हणजे मार्चपासून आजपर्यंत तुझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं तर घरच्यांना त्यातला रुपया मिळाला नसता. म्हणून नाव बदलायचा अर्ज दे, आरसीची प्रत लाव, आणि कंपनीच्या ऑफिसचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस.