गेमचा नवा भाग आला की निराशाच का पदरी पडते? प्री-ऑर्डर रद्द करू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही वर्षभर एखाद्या गेमचे ट्रेलर पाहता, आगाऊ पैसे भरता आणि गेम हाती आला की दोन दिवसांत मन विटतं. एक मित्र म्हणतो की कंपनीनं जुन्या मालिकेची वाट लावली, दुसरा म्हणतो तुझ्याच अपेक्षा फार. आत्ताही एक प्री-ऑर्डर करून बसलाय आणि ती रद्द करावी का, असं विचारताय. शेवटी जीटीए सहाला होणाऱ्या उशिराचंही विचारलंय.

मी अमरावती जिल्ह्यात वरुडकडच्या एका गावात राहतो. ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच गाळ्यात पूर्वी सायबर कॅफे होता आणि कॉलेजच्या वयात मी तिथं काउंटरवर बसायचो. त्यामुळे माझं गेमिंगचं ज्ञान गाळ्याएवढंच आहे, पण या भांडणात मी वीस वर्षं बसलोय.

आमच्या कॅफेत सहा कॉम्प्युटर होते आणि त्या सहाही कॉम्प्युटरवर आयजीआय, म्हणजे शत्रूच्या तळात घुसून गोळीबार करायचा गेम. हा गेम 2000 सालचा, नॉर्वेच्या एका स्टुडिओनं केलेला. आमच्याकडे तो आला तेव्हा बाहेरच्या जगात शिळा झालेला होता. चौदा मिशन, नायक जोन्स, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. एक गोळी चुकली की पहिल्यापासून. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग. दिवसाला दहा-बारा तास लाइट नसायची. वेळापत्रक कॅफेच्या दारावर चिकटवलेलं असायचं आणि महावितरण ते पाळायचंच असं काही नव्हतं. इन्व्हर्टरवर दोनच मशीन चालायच्या. बाकी चार मशीनवरची पोरं शेवटच्या गेटपर्यंत पोचलेली असताना पंखा थांबायचा आणि सगळ्यांचं तोंड एकदमच काळं व्हायचं. स्क्रीनसकट.

आमच्यातल्या एकाला सगळे जोन्सच म्हणायचे. त्याला प्रत्येक पहारेकऱ्याची फेरी पाठ होती. कोणता कधी वळतो, कोणत्या टॉवरवरचा आधी मारायचा, अलार्मचं बटण कुठं. सहावीतल्या पोरांना तो शेजारी उभा राहून शिकवायचा आणि बदल्यात त्यांच्या पैशानं खेळायचा. तासाला पंधरा रुपये होते, म्हणजे त्या काळी शिकवणी स्वस्त नव्हती.

मग आयजीआय दोन आला. तो 2003 चा, आमच्याकडे त्याहून बराच नंतर. त्यात सेव्ह होतं. तेही मोजूनच, कठीण पातळी घेतली की आणखी कमी. तरी पोरं नाचली. लाइट गेली तरी अर्धं मिशन वाचणार होतं! जोन्स मात्र उखडला. म्हणाला, "सेव करून खेळनं म्हंजे कॉपी करून पास होनं." दोन दिवस त्यानं दुसऱ्या भागाला हात लावला नाही. कॅफेत दोन तट पडले आणि मालकानं भांडण थांबवायला एक दिवस दोन्ही गेम काढून सॉलिटेअर ठेवलं.

त्या वेळी मला वाटलं होतं की जोन्स आडमुठा आहे. आता वाटतं, तो नुकसान झालेला माणूस होता. त्यानं पहिल्या भागात किती घातलं होतं बघा. शेकडो वेळा पहिल्यापासून सुरुवात करून कमावलेलं कसब. दुसऱ्या भागानं ते एका बटणानं स्वस्त केलं. आणि आम्हा बाकीच्यांनी काहीच घातलं नव्हतं. आमचं सगळं लाइटबरोबर वाहून गेलेलं. म्हणून तोच बदल आम्हाला बक्षीस आणि त्याला दंड.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर याच जागी आहे. गेम चांगला की वाईट हा मुद्दा उरतोच, पण निराशा किती होणार हे गेम उघडायच्या आधी तुम्ही त्यात काय घालून बसलात त्यावर ठरतं. पैसे, वेळ, कसब किंवा चारचौघांतली इज्जत. यातली इज्जत सगळ्यात महाग पडते, ती माझी कशी गेली ते खाली सांगतो.

आधी हाइपचं. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, आमचाही लहानसा आहे. आंबिया बहाराची फळं झाडावर हिरवी असतानाच व्यापारी येतात आणि उभा बगीचा ठरवतात. म्हणजे तीही प्री-ऑर्डरच. पण व्यापारी काय करतो? सकाळी येतो, ओळीओळीनं फिरतो, झाडाखाली गळालेली फळं पायानं बाजूला सारून मोजतो, एखादं तोडून दाबून बघतो, पाणी कुठून येतं विचारतो. मग अंदाजानं भाव पाडतो आणि फक्त इसार देतो. पुढं फळगळ झाली तर तो भाव पुन्हा पाडतो, नाहीतर इसार सोडून निघून जातो. शेतकऱ्याच्या बाजूनं हा व्यवहार फार वाईट आहे, त्यावर वेगळं उत्तर लिहीन. पण व्यापाऱ्याच्या बाजूनं बघा. जेवढं बुडालं तरी झोप लागेल तेवढंच तो घालतो.

मी एकदा बाबांना सांगितलं की नागपूरच्या मावसभावानं चार हजारांचा गेम निघायच्या आधीच पूर्ण पैसे भरून घेतलाय. बाबा म्हणाले, "बगीचा पाह्यल्याबिगर इसार देनारा यापारी पाह्यला काय तू कधी? अन् यानं तर पुरा पैसा देला!"

तो गेम सायबरपंक 2077. घोषणा 2012 ची, बाजारात आला 10 डिसेंबर 2020 ला. मधली आठ वर्षं लोकांनी ट्रेलरच्या एकेका फ्रेमवर प्रवचनं केली. मावसभावाकडे जुना पीएस4, म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. त्यावर माणसं जमिनीतून वर यायची, गाड्या हवेत लटकायच्या, दर तासाला गेम बंद पडायचा. आठवडाभरात सोनीनं आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढूनच टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. परत ठेवला तो पुढच्या वर्षी जूनमध्ये. यातली खरी गोम वेगळीच होती. गेम निघायच्या आधी परीक्षण करणाऱ्यांना फक्त पीसीची प्रत दिली होती आणि स्वतः खेळून घेतलेलं चित्रण दाखवायला मनाई होती. म्हणजे व्यापाऱ्याला धुऱ्याकडच्या दोन ओळी दाखवायच्या आणि आतला बगीचा दाखवायचाच नाही. अशा वेळी चूक अपेक्षा ठेवणाऱ्याची, असं मी तरी म्हणणार नाही. तुमच्या दुसऱ्या मित्राला हे सांगा.

मी तोच गेम 2023 च्या शेवटी खेळलो, 2.0 चा मोठा अपडेट आल्यानंतर, निम्म्याहून कमी किमतीत. मस्त आहे. मावसभाऊ अजूनही त्याचं नाव काढलं की विषय बदलतो. गेम तोच, पण त्यानं आठ वर्षं घातली होती आणि मी एक रविवार.

उलटही होतं. कधीकधी हाइप कंपनीपेक्षा आपणच जास्त चढवतो. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं पबजीसकट 118 अॅप बंद केले. आमच्या पारावर त्या संध्याकाळी सुतक होतं. दोनच दिवसांत अक्षयकुमारनं फौजी या गेमची घोषणा केली आणि पोरांनी ठरवून टाकलं की हा आपला देशी पबजी. बनवणाऱ्यांनी आधी गलवानची कथा येणार असं सांगितलं होतं, पण ऐकतो कोण. 26 जानेवारी 2021 ला गेम आला. माझ्या दुकानाच्या वायफायवर बारा-पंधरा जणांनी एकदम उतरवला. अर्ध्या तासात एकेक मान वर. "बंदुका कुठी हायेत बे यात?" गेममध्ये हाणामारी, शेकोटी, पुन्हा हाणामारी. झेंडावंदनाच्या दिवशी देशी गेमला शिव्या द्यायच्या कशा, हा पेच वेगळाच. त्यांनी संध्याकाळपर्यंत थांबून दिल्या. गेम साधाच होता, पण बंदीनंतर दोनच दिवसांत घोषणा करणाऱ्यांना पोरं काय समजणार हे कळत नव्हतं, असंही मी मानत नाही.

आता माझ्या इज्जतीची गोष्ट.

मला प्रिन्स ऑफ पर्शिया या गेम-मालिकेचं वेड. त्यातला 2003 चा सँड्स ऑफ टाइम मी कॅफे बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून रात्री खेळलोय. वेळ मागं फिरवायचा तो खंजीर! चूक झाली की उलटा फिरव. लोडशेडिंगवाल्या माणसाला यापेक्षा गोड कल्पना सुचली नसती. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला, तर तोच हसरा राजपुत्र दाढी वाढवून, चिडून, रक्त सांडत फिरतोय आणि मागं कर्कश गिटार. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मालिका बदलली म्हणतात ते काय असतं. मी आठवडाभर रागावलो होतो. लढाई मात्र दुसऱ्या भागातच जास्त चांगली होती, हे मान्य करायला मला दहा वर्षं लागली.

तर सप्टेंबर 2020 मध्ये, त्याच पबजीच्या सुतकात, बातमी आली की सँड्स ऑफ टाइम नव्यानं बनतोय आणि बनवणार कोण, तर यूबीसॉफ्ट या मूळ कंपनीचेच पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. पुणे! माझा ऊर भरून आला. ट्रेलर लागला. राजपुत्राचा चेहरा मेणाचा, उजेड सपाट, पंधरा वर्षं जुना वाटावा असा. जगभरचे लोक हसले. आणि मी काय केलं? दोन रात्री जागून अनोळखी माणसांशी भांडलो. ही शैली मुद्दाम घेतलीय, तुम्हाला कळत नाही, आपला माणूस पुढं गेला की तुम्हाला पोटदुखी, वगैरे. एकाला तर मी कुठल्या पक्षाचा आहेस तेही विचारलं.

तारीख जानेवारी 2021 होती, ती मार्चवर गेली, मग बेमुदत. मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओला दिलं. त्या बातमीखाली, मी ज्याच्याशी भांडलो होतो त्यानं माझं जुनं वाक्य जसंच्या तसं चिकटवलं. पुढं काहीच लिहिलं नव्हतं त्यानं. लिहायची गरजही नव्हती.

आपल्या वावरातला कापूस म्हणून काही धागा लांब होत नाही. ट्रेलर वाईट होता, पहिल्या मिनिटाला मला दिसलं होतं. पण मी त्यात गाव, भाषा, अर्धं शटर, सगळं घालून बसलो होतो. आता त्या पुण्याच्या पोरांचं वाईट वाटतं, की एवढी जुनी गादी पहिल्याच मोठ्या कामात त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि तारीखही जवळची दिली.

मालिकेतल्या बदलांबद्दल अजून एक सांगतो, कारण तुमच्या पहिल्या मित्राला ते लागू पडेल. जीटीए ही शहरभर गाड्या पळवत गुन्हे करायची मालिका. तिचा सॅन अँड्रियास हा भाग आला तेव्हा कॅफेत बोंब झाली की हे काय, नायकाला खायला घाला, जिममध्ये न्या, जास्त खाल्लं तर जाडा होतो. आधीच्या व्हाइस सिटीत नायक टॉमीला भूक लागत नव्हती! तेच लोक जीटीए चारमध्ये जिम काढल्यावर आणि विमान उडवता येत नाही म्हणून रडत होते. (आमच्या कॅफेच्या मशीनवर चार चालतच नव्हता, तरीही रडत होते. ऐकीव दुःख.) त्यामुळे कोणी म्हटलं की मालिका बिघडली, तर मी विचारतो, कोणत्या भागापासून? प्रत्येकाचं उत्तर त्याच्या दहावीच्या आसपास येतं.

आणि काही बदलांवर कोणी वादच घालत नाही. पबजीचा भारतासाठीचा अवतार बीजीएमआय 2021 मध्ये आला तेव्हा शहरातली पोरं गोळी लागल्यावर दिसणाऱ्या हिरव्या रक्तावरून चिडली होती. आमच्या शेजारच्या पोराला रक्ताच्या रंगाशी घेणं नव्हतं. त्याचा फोन दोन जीबी रॅमचा. प्रत्येक अपडेटला गेम फुगायचा आणि तो आईचे फोटो एकेक करून पुसायचा. एक दिवस पुसायला फोटो उरले नाहीत. त्याची मालिका तिथं संपली.

जीटीए सहाचं तुम्ही शेवटी विचारलंय. पहिला ट्रेलर डिसेंबर 2023 चा. आधी 2025 म्हणाले, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. पाचवा भाग 2013 चा, म्हणजे तेव्हा जन्मलेलं पोरगं आता माझ्या दुकानात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला येतं आणि सहाव्याबद्दल मला शिकवतं. उशीर झाला म्हणून मी चिडत नाही. कच्चं फळ तोडण्यापेक्षा झाडावर राहिलेलं बरं, आणि मुळात मी त्यात अजून एक रुपया घातलेला नाही.

तुमची प्री-ऑर्डर रद्द करा. डिजिटल प्रतीचा साठा संपत नाही, रांग लागत नाही, मग आगाऊ पैसे कशासाठी? वर मिळणारी बंदूक नाहीतर कपडे पुढं कोणी बघतही नाही. गेम निघू द्या, तुमच्याकडे जे मशीन आहे त्याच मशीनवर कोणीतरी खेळताना एक तास बघा, ट्रेलर नको. आवडला तर त्याच संध्याकाळी घ्या.

जोन्स सध्या वरुडला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात आहे. मागच्या पोळ्याला भेटला. मी सांगितलं की जुना आयजीआय दोन लॅपटॉपवर टाकलाय आणि पूर्ण केला. त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"सेव किती वापरले?"

मी खोटं सांगितलं.