जोडणी आल्यावर भाडं, आणि जोडणीच येत नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: 2023 मध्ये सोलर कंपनीच्या एजंटाला अकरा एकर वावर 29 वर्षांच्या भाड्यानं द्यायचा करार शंभराच्या स्टॅम्पवर केला. एकरी दहा हजार इसार मिळाला, भाड्याचा रुपया नाही, कारण 'सबस्टेशनला जागा नाही'. एजंट म्हणतो, पेरू नका, खांब कधीही येतील. दोन खरीप पडीत गेले. आता पेरलं तर केस होईल का? करार मोडता येईल का?

भाऊ, तुम्ही पाठवलेल्या फोटोत सहावं कलम अंगठ्याखाली अर्धं झाकलंय, पण दुखणं तिथंच आहे: 'भाडे ग्रिड जोडणी प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून देय राहील.' ग्रिड म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं. त्या जोडणीला ना तारीख, ना मुदत. जोडणी न मिळण्याचा धोका कंपनीचा होता, तो तुमच्या वावरावर ढकलला.

गावाजवळच्या 33/11 केव्ही सबस्टेशनला साधारण पाच-दहा एमव्हीएचं (ढोबळमानानं तेवढ्याच मेगावॅटचं) रोहित्र असतं. एजंटानं सांगितलेले पन्नास मेगावॅट, म्हणजे दोनेकशे एकरांवरची वीज, त्यात मावतच नाही. त्याला 132 किंवा 220 केव्हीचं सबस्टेशन आणि तिथं रिकामी बे (लाइन जोडायची जागा) लागते. तिथवरची स्वतंत्र लाइन उभारणं वीज कायदा 2003 च्या कलम 10 प्रमाणे निर्मिती कंपनीचं काम. मग जमिनीचे कागद आधी कशाला गोळा करतात? केंद्रीय जाळ्याच्या 2022 च्या नियमांत जोडणीचा अर्ज करायचा एक मार्ग होता तो निम्म्या जमिनीचे कागद दाखवायचा. तुमचा सात-बारा कुठल्यातरी फायलीत कंपनीचा नंबर धरून बसला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

आता करार. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 नुसार नोंदवावाच लागतो. तुमचा नोंदवलेला नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर कंपनी वावराचा ताबा मागू शकत नाही. पण तो रद्दी समजून फाडू नका. त्याच कायद्याच्या कलम 49 च्या परंतुकाचा (अपवादाचा) आधार घेऊन कंपनी करारपूर्तीचा दावा लावायचा प्रयत्न करू शकते. तेव्हा करार पाळायला आपण स्वतः कायम तयार होतो हे तिला दाखवावं लागेल, आणि दोन वर्षं हालचाल न करणाऱ्याला ते जड जातं. मुदत लिहिली नसेल तर करार कायद्याचं कलम 46 'वाजवी वेळ' धरतं. सात-बारावर बहिणींची नावं असून सही तुमची एकट्याचीच असेल, तर करार तुमच्या हिश्श्यापुरताच.

घाई कशाची, तर 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 20-अ प्रमाणे पायाभूत प्रकल्पाच्या करारात, कामाला अडथळा येईल असा मनाई हुकूम कोर्ट देत नाही. वीजनिर्मिती त्या यादीत आहे. खांब रोवल्यावर माझ्याकडे आलात तर माझे हात बांधलेले असतील. तुमची बाजू आज जड आहे.

म्हणून वकिलामार्फत नोटीस द्या, पोहोच ठेवून: तीस दिवसांत जोडणीच्या मंजुरीची प्रत आणि भाडं सुरू होण्याची पक्की तारीख द्या, नाहीतर करार संपला समजा. करार मोडणाऱ्यानं घेतलेला फायदा परत करायचा असतो, तेव्हा इसाराचे 1,10,000 परत द्यायची तयारीही त्यातच लिहा. बुडालेल्या पिकांची भरपाई वेगळी मागा. अकराव्या कलमात दिल्लीत लवाद लिहिलाय, तो वाचूनच कोर्टाची पायरी चढा, नाहीतर कंपनी पहिल्याच तारखेला तो पुढे करेल.

शिवाय दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज महावितरणला आणि एक महापारेषणला: या कंपनीचा जोडणीचा अर्ज आहे का, कधीचा, किती मेगावॅटचा. एजंटाच्या तोंडी हिशेबापेक्षा ते उत्तर बरं.

कंपनी नव्यानं बसायला आली तर करार नोंदवलेलाच, आणि भाडं जोडणी येवो न येवो, ठरलेल्या तारखेपासून. सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. तुमच्या अकरा एकरांना ते साडेपाच लाखांवर जातं. खासगी कंपनीवर तो दर बंधनकारक नाही, पण बोलणी तिथून सुरू करा.

पेरणीला नोटिशीच्या उत्तराची वाट पाहू नका. ताबा तुम्ही दिलेला नाही, वावर तुमचंच आहे. कापूस लावा की सोयाबीन-तूर, धुऱ्यावर उभं राहून ई-पीक पाहणीत फोटो टाका. उद्या कोणी ताबा आमचा होता म्हणालं, तर सात-बारावरची पिकाची नोंद तुमच्या बाजूनं बोलेल.