वाचकांचे प्रश्न : फाइल वाचून झाली, मग मजकूर कुठे गेला?

या खेपेला आलेली बहुतेक पत्रे नोड-जेएसमधल्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एसिंक्रोनस, म्हणजे काम संपायची वाट न पाहता परत येणाऱ्या, फाइल-फंक्शनांबद्दल आहेत, एक पायथनबद्दल. फंक्शनांची आणि एररची नावे आम्ही उच्चाराप्रमाणे नागरीत छापली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

काजूबियांचा रोजचा दर एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. 'रीडफाइल'ने तो वाचायचा आणि पुढच्या ओळीत छापायचा, एवढाच प्रोग्राम. फाइल जागेवर आहे, एरर नाही, पण छापले जाते 'अनडिफाइन्ड'. 'रीडफाइलसिंक' केले की दर बरोबर येतो. पहिले फंक्शन बिघडले आहे का? — एक वाचक, वाळपई

फंक्शन ठीक आहे, तुम्ही त्याच्याकडे उत्तर वेळेआधी मागताय. 'रीडफाइल' फक्त काम नोंदवून घेते आणि तत्काळ परत येते. फाइल उघडणे-वाचणे हे मागे लिबयूव्ही नावाच्या सी-लायब्ररीचे थ्रेड (प्रोग्रामच्या आत समांतर चालणारे कामाचे धागे) करतात. मजकूर हाती आला की तुम्ही दिलेला कॉलबॅक (काम झाल्यावर चालवायचे फंक्शन) बोलावला जातो, आणि तोही चालू असलेला तुमचा कोड पूर्ण संपल्यावरच. त्यामुळे छापण्याची ओळ खाली लिहिलेली असली तरी धावते आधी. फाइल चार अक्षरांची असो की चार एमबीची, क्रम हाच. काहीजण 'सेटटाइमआउट' लावून अर्धा सेकंद थांबतात. तो उपाय नव्हे. डिस्क मंद असली त्या दिवशी तो फसतो.

छापण्याची ओळ कॉलबॅकच्या आत न्या. त्याला मिळणारी पहिली वस्तू एरर, दुसरी मजकूर. पहिली तपासल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. किंवा 'एफएस प्रॉमिसेस'मधले 'रीडफाइल' घ्या (ते प्रॉमिस, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराचे टोकन, देते) आणि त्याच्याआधी 'अवेट', म्हणजे 'उत्तर येईपर्यंत थांब', लिहा. तेव्हा पुढची ओळ खरोखरच नंतर धावते.

पडद्यावर काय उमटले यावरून चूक ओळखता येते. 'अनडिफाइन्ड' आले तर मजकूर कॉलबॅकच्या बाहेर वापरला गेलाय. 'प्रॉमिस पेंडिंग' आले तर 'अवेट' राहिले. 'बफर' (कच्चे बाइट) आणि पुढे दोन-दोन अक्षरांच्या जोड्या आल्या तर 'यूटीएफ-८' हे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) सांगायचे राहिले. एरर पकडणाऱ्या 'ट्राय-कॅच'चेही लक्षात असू द्या: कॉलबॅकमधून येणारी एरर बाहेरच्या 'कॅच'ला सापडत नाही, 'अवेट'मधून आलेली सापडते. आणि प्रॉमिसची एरर कुणीच पकडली नाही, तर २०२० साली आलेल्या १५व्या आवृत्तीपासून नोड अख्खा प्रोग्रामच बंद करते.

राहिला 'रीडफाइलसिंक', म्हणजे वाचून होईपर्यंत तिथेच थांबणारे फंक्शन. त्याची उगाच बदनामी झाली आहे. एक फाइल वाचून दर छापायचा आणि संपायचे, अशा प्रोग्रामला तेच योग्य. एसिंक फंक्शने डिस्कचा वेग वाढवत नाहीत, एका लहान फाइलला तर किंचित जास्तच वेळ घेतात. फायदा तेव्हा, जेव्हा तोच प्रोग्राम दुसऱ्या कुणाला उत्तर देत असतो. वेब-सर्व्हरमध्ये एका गिऱ्हाइकासाठी 'रीडफाइलसिंक' चालू असेल तर बाकी सगळे तेवढा वेळ ताटकळतात.

उत्सवी नाटकांच्या जुन्या हँडबिलांचे १२,००० स्कॅन आमच्याकडे आहेत, प्रत्येक सुमारे ५ एमबीचा. सगळ्यांचा चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा) काढायचा होता. आधी 'फॉर-ईच'मध्ये 'अवेट' घातले, तर काम सुरू होण्याआधीच 'झाले' छापले गेले. मग सगळी कामे एकदम सुरू करायला 'मॅप' आणि 'प्रॉमिस ऑल' लावले, तर 'ईएम-फाइल, टू मेनी ओपन फाइल्स'. — एक वाचक, फोंडा

'फॉर-ईच' आतल्या फंक्शनने परत दिलेले प्रॉमिस पाहतच नाही, टाकून देते. एकामागून एक करायचे तर साधा 'फॉर-ऑफ' घ्या.

'ईएम-फाइल'ची मेख निराळी. लिबयूव्हीकडे मुळात ४ थ्रेड असतात. मग एका वेळी चारच फाइली उघड्या असायला हव्यात, असे कुणालाही वाटेल. पण एक फाइल वाचणे म्हणजे एक काम नव्हे. उघडणे, आकार पाहणे, वाचणे, बंद करणे अशी ती निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येक काम रांगेत वेगळे उभे राहते. तुम्ही १२,००० हाका एकदम मारल्यात, म्हणजे आधी १२,००० 'उघडा' रांगेत लागले. पहिल्या फाइलचे 'वाचा' त्या सगळ्यांच्या मागे! 'बंद करा' त्याच्याही मागे. उघड्या फाइली साचत जातात आणि ऑपरेटिंग सिस्टिमने एका प्रोसेसला घातलेली मर्यादा ओलांडली जाते. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणाऱ्या फेरीबोटी किती आहेत यावरून रस्त्यावर गाड्या किती लागतील हे ठरत नाही, तसेच हे.

मर्यादा वाढवून भागणार नाही. १२,००० गुणिले ५ एमबी म्हणजे ६० जीबी, आणि एवढी मेमरी तुमच्या यंत्रात नसणार.

त्याऐवजी ८ कामकरी नेमा. फाइलींच्या नावांची यादी आणि शून्यापासून सुरू होणारा एक मोजणी-आकडा बाहेर ठेवा. एक एसिंक फंक्शन लिहा: आकडा यादीच्या लांबीपेक्षा कमी असेपर्यंत तो उचलायचा, एकने वाढवायचा, त्या क्रमांकाची फाइल 'अवेट' लावून वाचायची, चेकसम काढायचा, पुन्हा वर. हे फंक्शन ८ वेळा सुरू करा आणि त्या ८ प्रॉमिसांवर 'प्रॉमिस ऑल' लावा. दोघांनी एकदम आकड्याला हात लावू नये म्हणून कुलूप वगैरे लागत नाही, कारण जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर धावते. अट एकच: आकडा तपासणे आणि वाढवणे यांच्या मध्ये 'अवेट' येता कामा नये.

आठाचे सोळा केले तर फरक थोडाच पडेल, कारण मागे थ्रेड चारच. ते वाढवायचे असतील तर 'यूव्ही थ्रेडपूल साइझ' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी लावायचे, कमाल १०२४. हाच थ्रेडपूल झेडलिबचे कॉम्प्रेशन, काही क्रिप्टो कामे आणि 'डीएनएस लुकअप' (साइटच्या नावावरून पत्ता शोधणे) हेही वापरतात, म्हणून फाइलींची रांग तुंबली की अचानक नेटवर्कही मंद वाटू लागते. स्कॅन फिरत्या हार्ड-डिस्कवर असतील तर कामकरी वाढवून उलट नुकसान होते. डिस्कचे हेड इकडून तिकडे धावत राहते. अशा वेळी २ किंवा ३ पुरेत.

'प्रॉमिस ऑल'ला पहिली एरर आली की ते लगेच हात वर करते, पण बाकीची कामे मागे चालूच राहतात. कुठले स्कॅन वाचता आले नाहीत याची यादी हवी असेल तर फाइल वाचतानाच 'ट्राय-कॅच' लावून नाव नोंदवा आणि पुढे चला.

मोठी मराठी फाइल 'क्रिएट रीडस्ट्रीम'ने तुकड्यातुकड्यांनी वाचतो आणि प्रत्येक तुकड्याची स्ट्रिंग करून जोडतो. मधूनच एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. तीच फाइल एडिटरमध्ये स्वच्छ दिसते. — एक वाचक, डिचोली

हा रोग खास आपला. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८मध्ये १ बाइटचे, म्हणून इंग्रजी उदाहरणांत तो कधी दिसत नाही. नागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे: 'गोवा' म्हणजे ग, ओकार, व, काना अशी ४ चिन्हे, १२ बाइट. 'क्ष'मध्ये क, हलन्त आणि ष, म्हणजे ९ बाइट.

फाइल-स्ट्रीमचा तुकडा मुळात ६५,५३६ बाइटचा असतो. त्याला ३ने भागा. २१,८४५ चिन्हे बसतात आणि १ बाइट उरतो. फाइलमध्ये निव्वळ नागरी असेल तर पहिल्याच सांध्यावर एका चिन्हाचा १ बाइट या तुकड्यात आणि २ बाइट पुढच्यात. तुम्ही दोन्ही तुकड्यांची वेगवेगळी स्ट्रिंग करता, तेव्हा दोघांनाही आपल्या वाट्याचा अर्धवट भाग कळत नाही आणि तिथे ते प्रश्नचिन्ह बसते. मध्ये मोकळ्या जागा, नव्या ओळी किंवा इंग्रजी आकडे असले तर ते १ बाइटचे असल्याने सांधा सरकतो. म्हणून कधी बिघडते, कधी नाही. ६४ केबीपेक्षा लहान फाइलवर चाचणी घेतलीत तर तो सापडणारच नाही.

स्ट्रीम तयार करतानाच एन्कोडिंग 'यूटीएफ-८' द्या. मग नोड सांध्यावरचे अपुरे बाइट राखून ठेवते आणि पुढच्या तुकड्याला जोडते. किंवा सगळे बफर एका अॅरेत गोळा करून 'बफर कॉन्कॅट' करा आणि स्ट्रिंग शेवटी एकदाच. यातून चिन्ह तुटायचे थांबेल, पण शब्द तुटतोच. 'म्हापसा'चे 'म्हा' एका तुकड्यात आणि 'पसा' दुसऱ्यात गेले तर तुकड्यात शोधणाऱ्याला तो गाव मिळणार नाही. शोधायचे किंवा मोजायचे असेल तर 'रीडलाइन' वापरून ओळीओळीने वाचा. तिथेही एक खाच आहे: 'क्रिएट इंटरफेस' केल्यापासून 'फॉर अवेट'च्या फेऱ्या सुरू होईपर्यंत मध्ये दुसरे कुठलेही 'अवेट' घालू नका, पहिल्या ओळी निसटू शकतात.

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे न दिसणारे चिन्ह असते. नोड ते काढत नाही. पहिल्या स्तंभाचे नाव बरोबर लिहूनही जुळत नसेल तर आधी तेच पाहा.

देवस्थानच्या पावत्या एका जेसन (नोंदी साध्या मजकुरात लिहिण्याचा साचा) फाइलमध्ये ठेवतो. दर पावतीला फाइल वाचायची, नोंद वाढवायची, 'राइटफाइल'ने लिहायची. जूनमध्ये वीज गेली आणि फाइल ० बाइटची झाली. जत्रेत दोन काउंटर लावले होते तेव्हा काही पावत्याही गायब झाल्या. — एक वाचक, काणकोण

हे दोन वेगळे बिघाड आहेत.

'राइटफाइल' मुळातच आधी जुनी फाइल रिकामी करते, मग लिहिते. त्या दोहोंच्या मध्ये वीज गेली की हाती शून्य. त्यासाठी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची फाइल उघडा, सगळे लिहा, 'सिंक' बोलवा, बंद करा आणि मग 'रीनेम'ने तिला खरे नाव द्या. 'सिंक' गाळू नका. 'राइटफाइल' पूर्ण झाले याचा अर्थ मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला एवढाच, डिस्कवर उतरला असा नव्हे. २०.१० पासूनच्या नोडमध्ये 'राइटफाइल'लाच 'फ्लश' हा पर्याय देता येतो. त्याच फोल्डरचा आग्रह यासाठी की 'रीनेम' एका झटक्यात होते ते एकाच फाइल-सिस्टिममध्ये. सिस्टिमचे टेम्प फोल्डर दुसऱ्या पार्टिशनवर असले तर 'ई-एक्सडेव्ह' येईल. विंडोजवर नेमकी त्याच वेळी अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली तर 'ई-पर्म' किंवा 'ई-बिझी' येते; १०० मिलिसेकंद थांबून चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करा.

पावत्या गायब होण्याचे कारण 'अवेट'. समजा फाइलमध्ये ४१२ पावत्या आहेत. पहिल्या काउंटरने त्या वाचल्या आणि 'अवेट'वर थांबला. तेवढ्यात दुसऱ्यानेही त्याच ४१२ वाचल्या. दोघांनी आपापली ४१३वी जोडली. शेवटी लिहिणाऱ्याची राहिली, दुसऱ्याची पुसली गेली. थ्रेड एकच आहे म्हणून हे टळत नाही. उपाय असा: शेवटच्या कामाचे प्रॉमिस एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नवे काम नेहमी त्याच्या 'देन'ला बांधा, म्हणजे वाचणे-वाढवणे-लिहिणे हा अख्खा गठ्ठा आधीचा संपल्यावरच सुरू होतो. साखळीत 'कॅच' ठेवा, नाहीतर एक काम फसले की पुढची सगळी अडतात. अर्थात ही रांग एकाच प्रोसेसपुरती. दोन काउंटरांवर दोन वेगळे प्रोग्राम असतील तर तिचा उपयोग नाही.

त्याहून बरे म्हणजे पावतीगणिक एक जेसन ओळ 'अपेंडफाइल'ने शेवटी जोडायची. वीज गेलीच तर सहसा शेवटची ओळ अर्धवट राहील. वाचताना ती बाजूला काढा. आणि स्पष्टच सांगायचे तर देवाच्या पैशांचा हिशेब एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा. हे सगळे त्याने आधीच सोडवलेले आहे.

पायथनच्या 'असिंकआयओ'मध्ये (एसिंक कामांची मूळ लायब्ररी) फाइल वाचायचे फंक्शनच सापडत नाही. — एक वाचक, मडगाव

नाहीच. नेटवर्कच्या सॉकेटला 'डेटा आलाय का' असे विचारता येते. डिस्कवरची साधी फाइल या प्रश्नाला नेहमी 'हो' म्हणते आणि मग वाचताना अडवते. म्हणून ते काम थ्रेडवरच ढकलावे लागते. ३.९ पासून 'असिंकआयओ'मध्ये 'टू-थ्रेड' आहे; त्याला तुमचे नेहमीचे वाचणारे फंक्शन द्या आणि 'अवेट' करा. 'एआयओफाइल्स' ही लायब्ररीही आतून थ्रेडच वापरते. 'टू-थ्रेड' वापरते त्या थ्रेडांची संख्या मुळात प्रोसेसरच्या कोअरांपेक्षा ४ जास्त, कमाल ३२. लिनक्समध्ये २०१९ साली आलेले आयओ-यूरिंग हा वेगळा मार्ग आहे, पण पायथनच्या मूळ लायब्ररीत तो नाही.

फाइल आहे की नाही हे आधी तपासून मगच उघडावी ना? — एक वाचक, पेडणे

नको. तपासणे आणि उघडणे यांच्या मधल्या वेळेत दुसरा कुणी ती काढू किंवा बनवू शकतो. सरळ उघडा आणि एररचा कोड पाहा: 'ई-नो-एन्ट' म्हणजे फाइल नाही, 'ई-अॅक्सेस' म्हणजे परवानगी नाही. नसेल तरच बनवायची असल्यास नोडमध्ये उघडताना 'डब्ल्यू-एक्स' फ्लॅग लावा. फाइल आधीपासून असली तर ती जशीच्या तशी राहते आणि तुम्हाला 'ई-एक्झिस्ट' मिळते.