पाणलोटातली माती नेमकी कशामुळे वाहून जाते, हे कसं ओळखायचं?

तुमचं गाव बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, म्हणजे बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर. मातीची धूप, म्हणजे माती वाहून जाणं, किती होईल हे काढायला शास्त्रात सहा घटकांचा गुणाकार करतात: पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती. गुणाकार असल्यामुळे यातला एक जरी घटक चांगला कमी केला तरी धूप त्याच प्रमाणात घटते.

पाऊस वर्षाचा किती, यापेक्षा तासाभरात किती कोसळला ते बघा. माती तपासायला वाळलेलं ढेकूळ ग्लासभर पाण्यात हळूच सोडा. लगेच विरघळून गढूळ झालं तर तिथं बहुधा सेंद्रिय कर्ब कमी, धूप जास्त. काळ्या जमिनीच्या भेगा भिजून मिटल्या की पाणी मुरणं मंदावतं आणि ते वरून धावतं.

माझ्या मते मराठवाड्यात सगळ्यात दुर्लक्षित घटक आच्छादनाचा आहे. रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर उघडं ठेवलेलं रान थेंबांचा सगळा मार खातं. त्यात नांगरट उताराच्या दिशेनं असेल तर नांगराची प्रत्येक सरी पाण्याची वाट होते. उताराला आडवी पेरणी आणि खरिपात मूग-उडीद, एवढ्यानंही फरक दिसतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर माथ्यापासून नाल्यापर्यंत चालत जा. बोटभर ओघळ कुठं सुरू होतात, बांधावरच्या झाडांची मुळं कुठं उघडी पडलीत, गाळ कुठं साचलाय, हे गावनकाशावर मांडा. काम माथ्याकडून सुरू करा. वरच्या उतारावर पाणी अडवणारे आडवे चर न काढता खाली बंधारा बांधला तर तो गाळानंच भरतो.