नाशिकला सामाजिक संस्था बघायला विद्यार्थ्यांची अभ्याससहल न्यायची आहे. दोन दिवसांत काय काय दाखवावं?

तुम्ही लिहिलंय: वीस मुलं, दोन दिवस, सात संस्था. त्यातल्या पाच आधी खोडून टाका.

मी एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला) असताना आमचीही अशीच सहल निघाली होती. सहा संस्था, आणि प्रत्येक ठिकाणी गुलाबाचं फूल, चहा, पडद्यावर फोटो, 'कार्याचा अल्प परिचय'. चौथ्या ठिकाणी शेजारचा मुलगा चक्क घोरायला लागला. आज त्यातल्या तीन संस्थांची नावंही आठवत नाहीत. आठवतं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतंच. दिंडोरी तालुक्यात गाडी पंक्चर झाली आणि समोरच्या ओट्यावर बचत गटाची बैठक चालली होती. मध्ये पत्र्याची पेटी, पेटी एकीच्या घरची, किल्ली दुसरीच्या कमरेला. एका बाईचा हप्ता उशिरा आला म्हणून दहा रुपये दंड. ती म्हणे, आठवडाभर मजुरीच लागली नाही, कुठून आणू? दहा रुपयांवर वीस मिनिटं वाद. शेवटी दंड घेतलाच, आणि लगेच पोराच्या दवाखान्यासाठी तिलाच पाचशे रुपये कर्ज दिलं. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री आम्हाला परीक्षेपुरती पाठ होती. दंड माफ केला असता तर पुढच्या आठवड्यात पेटी रिकामी राहिली असती, हे त्या ओट्यावर कळलं.

म्हणून पहिला दिवस बचत गटाला द्या. गावातल्या सीआरपी ताईंना, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला, बैठकीचा वार आधी विचारा आणि सहल त्या वाराला बेता. तुमच्यासाठी खास भरवलेली बैठक नको.

दुसरा दिवस ओझर. एचएएलच्या विमान कारखान्यामुळे नाव माहीत असेल. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, त्याच्या कालव्याचा शेवट ओझरकडे. कालवा दारात, पण पाणी वरच्यावरच संपायचं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास शेतकऱ्यांना जमवून महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्था पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून विकत घेते आणि सभासदांना वाटते. वाघाडची खरी गंमत वाटपाच्या क्रमात आहे: आधी टेल (कालव्याचं शेवटचं टोक), मग हेड (वरचं टोक). शेवटच्याला पाणी पोचल्याशिवाय वरच्याची पाळी नाही. पाणी वापर संस्थांचा राज्याचा कायदा २००५ साली आला, म्हणजे कायद्याच्या कितीतरी आधी हे सुरू झालं होतं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना जा, कोरड्या कालव्याच्या काठावर उभं राहून काही समजत नाही. आणि मुलांना पाळीपत्रक वाचायला लावा. पाणी कुणाला, किती वेळ, कितीला, सगळं त्यात असतं.

एक प्रश्न मात्र तिथे मुलांनी विचारलाच पाहिजे: ज्याला जमीनच नाही, त्याचं या संस्थेत काय? सभासदत्व जमिनीवर मिळतं. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं याच पट्ट्यातल्या द्राक्षबागांवर मजुरीला येतात. त्यांच्याशी तासभर बोलल्याशिवाय परत फिरू नका. तुमच्या यादीत पेठ तालुक्यातलं एक गाव डिसेंबरात टाकलंय. तिथे त्या वेळी बरीच घरं बंद सापडतील. ती माणसं इकडेच भेटतील.

मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही फळं-भाज्यांवर प्रक्रिया करणारी शेतकऱ्यांची कंपनी आहे, वाटेवरच पडतं, वेळ उरला तर जरूर जा. पण मुलं यंत्रं बघून हरखतात आणि अशा शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर कुणाचे, मत कुणाला, हे विचारायचं राहून जातं.

आणि डबे सोबत न्या. चहाला नाही म्हणू नका, पण वीस जणांचं जेवण गटातल्या बायकांच्या गळ्यात घालू नका. आमच्या वेळी घातलं होतं, आणि आम्ही ताटांवर बसलो तेव्हा त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती.