मेंढ्यांभोवती वाघर (जाळीचं कुंपण) लावूनही रात्री कोल्हा कोकरं नेतो, काय करावं?
कोल्हा बहुतेकदा वाघरीवरून उडी मारत नाही, खालून शिरतो. वीतभर फट त्याला पुरते. मेखा चार-पाच फुटांवर ठोका आणि जाळीचा खालचा काठ दगड-मातीने दाबा.

मेंढी व्याली की वार (कोकरामागून पडणारा जार) तिथेच पडू देऊ नका. वासावर तो येणारच. वाड्यापासून लांब, दोन फूट खोल पुरा, वर दगड.

आठवड्याच्या आतली कोकरं वाड्याच्या मधोमध डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) ठेवा. लुकलुकता दिवा चालतो, पण दर दोन रात्रींनी जागा बदला, नाहीतर तो सरावतो. कुत्री मोकळी हवीत. बांधलेलं कुत्रं नुसतं भुंकतं.

विष, फासा नकोच. आधी आपलंच कुत्रं मरतं, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा. कोकरू मेलंच तर ते न हलवता लगेच वनरक्षकाला कळवा. भरपाईला पंचनामा लागतो.