वहीतलं संशोधन

प्रश्न : मुलगी नागपुरातच एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये संशोधन करायचं म्हणते. प्रयोगशाळेत फारशी जात नाही, दिवसभर वह्या भरते. याला संशोधन म्हणतात का? पुढे नोकरीचं काय?
– एक आई, महाल

उत्तर : ताई, म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी कोण, ते मुलीला विचारा. कोलकात्याच्या संस्थेत त्यांना काम नेमून दिलं होतं धातूंच्या गुणधर्मांचं. त्यांचं डोकं मात्र आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत. विश्व सगळीकडे सारखंच, असं धरून तेव्हा गणित मांडत. यांनी ते धरलं नाही. पदार्थाचा लहानसा पुंजका घेतला आणि पाहिलं, तो फुगतो की आकसतो? गुरुत्वाकर्षण आत ओढतं, आकार वेडावाकडा ताणला गेला तर आकसणं वाढतंच. पुंजक्याचं स्वतःभोवती फिरणं तेवढं विरोध करतं. हे सगळं वहीतल्या गणितानं मांडणारं त्यांचं समीकरण 1955 साली छापून आलं. कोसळणारा तारा किंवा विश्वाची सुरुवात अशा ठिकाणी सापेक्षतेचं गणितच तुटतं, हे पेनरोज आणि हॉकिंग या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, तेव्हा तेच कामी आलं. पेनरोजना 2020 मध्ये नोबेल मिळालं, रायचौधुरी 2005 सालीच गेले होते.

नोकरीबद्दल मात्र गोड बोलणार नाही. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42. त्यावर पीएच.डी. निघते. नंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, म्हणजेच दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणं, बहुधा परदेशी. विदर्भात परतायचं तर कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवायची तयारी हवी. हे घरात आत्ताच बोलून घ्या. त्यात लग्नाचा विषय घुसवू नका बाप्पा!

एक सोय या विषयात आहे. यंत्रं लागत नाहीत, म्हणून साध्या कॉलेजात नोकरी करूनही काम चालू राहतं. माझे बहुतेक पेपर मे महिन्यात, धरमपेठेतल्या घरी कूलरसमोर लिहिलेले. आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर 1991 पासूनचे पेपर फुकट वाचता येतात, आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था कॉलेजच्या प्राध्यापकांना असोसिएट म्हणून बोलावते.

खरी गोम गाइडची. संस्थेचं नाव बघून भुलू नये. गाइडचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, पीएच.डी.ला किती वर्षं लागली, ते त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावं. आणि वहीच्या पहिल्या पानावर चिन्हपद्धत, म्हणजे समीकरणात कशाला अधिक आणि कशाला उणे धरलंय ते, लिहायला सांगा. काळाला उणे की अधिक, हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.